दुसऱ्याचा कोड आवरायचा कसा?

वेंगुर्ल्यातून बोलतोय, म्हणजे इथे लिहितोय. एसटीत घाटाला लागलं की रेंज जाते आणि एपिसोड अर्धा राहतो, अशी तक्रार दर आठवड्याला असते. त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना लावलेलं पाल्हाळ थोडं कापलंय आणि दोन-तीन गोष्टी वाढवल्यात. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या, हे सांगायला नकोच.

प्रश्न कुडाळकडच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीचा आहे. ती म्हणते, "दादा, प्रोजेक्टचा कोड आम्हा चौघांचा आहे. एकाने टॅब वापरलेत, एकाने स्पेस, एकाची सगळी व्हेरिएबल्स ए, बी, सी. मला वाचताच येत नाही. मी रात्री बसून सगळं एका फॉरमॅटरमधून काढलं तर त्यात वाईट काय?"

आवरण्यात वाईट काहीच नाही. उलट नीट न मांडलेला कोड किती महागात पडतो याचं उदाहरण आधी देतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयफोनसाठी घाईघाईने एक अपडेट काढलं. सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा आली होती. पहिली ओळ वरच्या 'इफ'ची. दुसरी कुणाचीच नाही, पण ती तितकीच आत सरकवलेली, त्यामुळे बघणाऱ्याला वाटे की तीही 'इफ'मध्येच आहे. कंस नव्हते. परिणाम असा की दुसरी ओळ दर वेळी चालायची, आणि समोरच्या सर्व्हरची सही तपासण्याची पायरीच गाळली जायची. डोळ्याला दिसणारी मांडणी एक सांगत होती आणि मशीन दुसरंच करत होतं. पुढे जीसीसी कंपायलरने फसव्या इंडेंटेशनसाठी खास वॉर्निंग आणली. म्हणजे मांडणी हा नटण्यामुरडण्याचा विषय नाही, हे मान्य.

पण कोड दुसऱ्याचा असतो तेव्हा गोष्ट बदलते. आमच्याकडे मिरगाआधी कौलं परतून घेतात. कितीही जपून पाय टाकला तरी वर चढलेल्या माणसाच्या पायाखाली चार कौलं फुटतातच. स्वतःच्या घराची फुटली तर आपण बदलतो. शेजाऱ्याच्या घरावर न विचारता चढलात आणि पहिल्या सरीला त्याच्या माजघरात गळती लागली, तर तुम्ही किती चांगल्या मनाने चढला होतात हे तो ऐकून घेणार नाही.

तर कौलं फुटतात कुठे ते बघू.

पहिली जागा म्हणजे अर्थ. आपल्याला वाटतं की रिकामी जागा ती रिकामीच, तिने काय बिघडणार? मेकफाइलमध्ये कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तुम्ही सगळ्या टॅबच्या स्पेस केल्यात की मेक अडून बसतं. पायथनमध्ये तर इंडेंटेशन हेच व्याकरण आहे. एक ओळ चार घरं डावीकडे आली की ती लूपच्या बाहेर पडते, आणि एररही येईलच असं नाही, फक्त उत्तर चुकतं. जावास्क्रिप्टमध्ये 'रिटर्न' लिहून महिरपी कंस पुढच्या ओळीवर नेलात, तर भाषा 'रिटर्न'नंतर स्वतःच अर्धविराम मानते आणि फंक्शन रिकाम्या हाताने परत येतं. कंस वर ठेवायचा की खाली, हा वाद आवडीचा वाटतो, पण इथे त्यात जीव आहे.

मराठी माणसाला तर याची खास झळ. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात पाऊण पायाच्या 'ऱ'चं स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्या, जुन्या प्रकारात साधा 'र', हलंत, आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह असतं. आता एखाद्या सफाईदार टूलने किंवा सफाईदार माणसाने "ही अदृश्य चिन्हं कचरा आहेत" म्हणून सगळ्या फाइलमधून काढून टाकली, की 'दऱ्या'चा होतो 'दर्या'. सह्याद्रीतल्या खोल जागांचा एका फटक्यात समुद्र! आचाऱ्याला द्यायचे पैसे आचार्यांच्या नावे जातात. ज्याला मराठी येत नाही अशा रिव्ह्यू करणाऱ्याला डिफमध्ये काही दिसतच नाही. मी भाषांतराच्या फाइल फॉरमॅटरच्या वाटेतून मुद्दाम वगळतो, त्याचं कारण हे.

दुसरी जागा इतिहास. गिट ब्लेम ही कमांड कोडची प्रत्येक ओळ शेवटी कुणी, कधी, कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवते. नाव 'ब्लेम' असलं तरी मी ती दोष द्यायला क्वचितच वापरतो. 'ही विचित्र अट इथे का आहे?' एवढं विचारायला वापरतो. त्या ओळीच्या कमिटमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं की अमुक बँकेचा सर्व्हर तारीख उलटी पाठवतो, म्हणून ही अट. तुम्ही एका रात्रीत सगळी फाइल फॉरमॅट केलीत की हजार ओळींवर तुमचं नाव येतं आणि मेसेज असतो: 'कोड क्लीन केला'. मागचं सगळं पुसलं जात नाही, खणून काढता येतं, पण पहाटे दोनला सर्व्हर पडलेला असताना खणायला वेळ कुणाला?

तिसरी जागा, बाकीच्यांचं चालू काम. चौघांपैकी तिघांच्या ब्रँच उघड्या असताना तुम्ही मेन ब्रँचवरच्या सगळ्या ओळी हलवल्यात, तर तिघांनाही मर्ज कॉन्फ्लिक्ट येणार. एवढंच.

आणि चौथी जागा माणूस. ही कुठल्या डिफमध्ये दिसत नाही. आमच्या ओळखीतले एक मास्तर आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांनी यूट्यूबवर बघून बघून पायथन शिकून निकालपत्रकासाठी एक स्क्रिप्ट लिहिली. व्हेरिएबलची नावं पोरगा, गुण, बेरीज. प्रत्येक भागाआधी फुल्यांची लांबलचक रांग, आणि खाली त्या भागात काय होतं त्याची चार वाक्यं. इतर शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून ती गिटहबवर टाकली. एका हुशार पोराने, खरंच चांगला पोरगा, ती पूर्ण फाइल फॉरमॅट केली, नावं इंग्रजी केली, फुल्या आणि 'अनावश्यक' कॉमेंट काढल्या आणि पुल रिक्वेस्ट टाकली. मास्तरांना नाही म्हणवेना. पुढच्या वर्षी गुणांची विभागणी बदलली, मास्तर फाइल उघडून बसले आणि मला म्हणाले, "घर बरा दिसता रे, पण माझा न्हय. हयसर मीठ खंय ठेवलाहा ताच माका गावना नाय." त्यांनी पेनड्राइव्हवरची जुनी प्रत काढली आणि तिच्यावर काम केलं. गिटहबवरची देखणी प्रत आजही तिथे आहे. तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण जो बघणारा होता त्याला ती वाचता येत नाही. वाचनीय म्हणजे कुणाला वाचनीय, हा प्रश्न त्या पोराने विचारलाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्या संगणकाच्या भानगडी. पण दुसऱ्याचं लेखन नीट करून ठेवायचं कसं, यावर मराठीत आपल्याआधी चार शतकं विचार झालाय. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. छापखाना नाही, त्यामुळे प्रतीवरून प्रत. प्रत्येक लिहिणाऱ्याकडून एखादा शब्द बदलायचा, कुणी आपली ओवी घुसडायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर शेकडो फोर्क आणि मेन ब्रँच कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती जमवून ग्रंथ शुद्ध केला. आणि शेवटी स्वतःची नोंद जोडली. तिच्यात काय आहे बघा: वर्ष आहे, काम कुणी केलं ते आहे, का केलं ते आहे, की ग्रंथ मुळात शुद्धच होता पण पाठभेदांनी बिघडला. आणि पुढच्यांना ताकीद आहे की यात कुणी स्वतःची ओवी मिसळली, तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखं होईल. आमच्या कोकणात करवंटी फेकून देत नाहीत, चुलीत घालतात, तिचा डाव करतात, पण ताटात नाही ठेवत!

मला विचाराल तर ही मराठीतली सर्वांत चांगली कमिट नोंद आहे. कोण, केव्हा, का, आणि मर्यादा कुठे. 'मायनर फिक्सेस' असं नाथांनी लिहिलेलं नाही.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी छापली. ती एकनाथांच्या आधीची आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि तिच्यातली शब्दांची रूपं प्रचलित प्रतीपेक्षा जुनी दिसत होती. मग अभ्यासकांत वाद सुरू झाले की मूळ शब्द कोणता, नाथांनी नेमकं काय बदललं, काय तसंच ठेवलं. नाथांची नोंद उद्देश सांगते, पण कुठल्या ओळीत काय होतं आणि काय केलं, हा डिफ आपल्याकडे नाही. एवढ्या काळजीने केलेल्या आवराआवरीवरही तीनशे वर्षांनी प्रश्न उठतात. नाथांकडे गिट नव्हतं. आपल्याकडे आहे, आणि आपण त्यात 'कोड क्लीन केला' असं लिहितो.

दुसरं उदाहरण जास्त जवळचं. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम केले, १९७२ मध्ये त्यांत भर घातली. 'करणें', 'घरें' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजी-आजोबांची जुनी पुस्तकं उघडलीत तर ते टिंब दिसतील. आता प्रश्न आला, जुनं लेखन पुन्हा छापताना करायचं काय? सगळ्या मराठी साहित्यावरून फॉरमॅटर फिरवायचा? महामंडळाने यासाठी एक नियमच घालून दिला. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य यांतले उतारे छापायचे तर मुळात होते तसेच छापा. त्यांच्यापासून पुढचं, खुद्द त्या दोघांचंही, नव्या नियमांनी छापा.

हे वाचून मी हसलोच, कारण हे हुबेहूब फॉरमॅटरच्या 'एक्सक्लूड' यादीसारखं आहे. अमुक फोल्डरला हात लावायचा नाही, बाकी सगळं एका मापात. रेघ तिथेच का ओढली यावर भांडता येईल. मला स्वतःला वाटतं की कवितेचं टिंब कवीचं असतं आणि केशवसुतांचंही तसंच ठेवलं असतं तर बरं. पण रेघ आहे आणि ती उघडपणे लिहिलेली आहे, हे महत्त्वाचं. प्रत्येक प्रकाशकाने आपापल्या आवडीने टिंब काढली असती तर काय गोंधळ झाला असता याची कल्पना करा.

पायथनवाल्यांचा पेप ८ हा २००१ सालचा मांडणीचा नियमसंग्रहही जवळपास हेच सांगतो. नियमांशी सुसंगती चांगली, प्रोजेक्टच्या आतली सुसंगती त्याहून महत्त्वाची, आणि एका मॉड्यूलच्या आतली सगळ्यांत महत्त्वाची. कोड नियमाच्या आधीचा असेल आणि त्याला हात लावायचं दुसरं काही कारण नसेल, तर त्याला नियमात बसवायच्या मागे लागू नका, असंही तो म्हणतो. गंमत म्हणजे पेप ८ चा धाक दाखवून दुसऱ्याचा कोड उलथापालथ करणारे हा भाग वाचतच नाहीत.

आता 'आवरणं' आणि 'बदलणं' यांतली सीमा ओलांडली की काय होतं ते. डेबियन लिनक्सची गोष्ट. ओपनएसएसएल नावाची लायब्ररी किल्ल्या बनवायला लागणारे रँडम आकडे तयार करते. व्हॅलग्राइंड हे तपासणी टूल तिच्या दोन ओळींवर कुरकुर करायचं, की इथे अशी मेमरी वाचली जातेय जिच्यात कुणी काही भरलेलंच नाही. वॉर्निंग घालवायला, टूलचा आउटपुट स्वच्छ दिसावा म्हणून, २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये त्या दोन्ही ओळी कॉमेंट केल्या गेल्या. त्यांतली एक गेली असती तर बिघडलं नसतं. दुसरी मात्र रँडमपणा आत ओतणारी मुख्य ओळ होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे ३२,७६८ शक्यता. जगातली अतिशय मजबूत समजली जाणारी किल्ली लॅपटॉपवर बसून ओळखता येण्याजोगी झाली. मे २००८ मध्ये हे उघड झालं, तोवर उबंटूसह कितीतरी सर्व्हरवर त्या किल्ल्या बसल्या होत्या आणि सगळ्या बदलाव्या लागल्या.

हे काम निष्काळजी माणसाने केलं असं समजू नका. मूळ लेखकांच्या गटाला विचारलं होतं. पण विचारणा अशी होती की ऐकणाऱ्याला वाटलं, डिबगिंगपुरती गोष्ट आहे, म्हणून 'काढा' असं उत्तर आलं. शेताच्या मधोमध एखादा गडगा दिसतो, दोन्हीकडे एकाच मालकाची जमीन. पाडायला काय हरकत, असं तुम्ही विचारता आणि मालक हो म्हणतो, कारण त्याला वाटतं तुम्ही दोन दगड हलवताय. पावसाचं पाणी तो गडगा अडवत होता हे श्रावणात कळतं.

म्हणून आता थेट कुडाळच्या प्रश्नाचं उत्तर. आधी बाकी तिघांना विचार. आणि 'थोडं क्लीन करू का?' असं मोघम नको. कोणत्या फाइल, कोणतं टूल, नंतर काय दिसेल याचा एक नमुना दाखवून विचार. तिघांनी एकदा ठरवलं की मग तुझी आवड, त्याची आवड हा प्रश्नच मिटतो. गो भाषेने हेच केलं: २००९ मध्ये भाषा आली ती गोफम्ट हे टूल घेऊनच, आणि त्याची मांडणी कुणाची खास लाडकी नसली तरी भांडणं संपवली म्हणून सगळ्यांना ते आवडतं, असं त्या भाषेच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक गमतीने म्हणतात. पायथनसाठी ब्लॅक आहे, वेबसाठी प्रेटिअर. ब्लॅकचा एक गुण मला फार आवडतो. आवरून झाल्यावर कोडचा अर्थ आधीइतकाच आहे ना, हे ते स्वतः ताडून बघतं. रात्री हाताने बसून ओळी सरकवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मग आवराआवरीचं एक वेगळं कमिट. त्यात बग दुरुस्ती नाही, नाव बदलणं नाही, कॉमेंट काढणं नाही. लिनक्स कर्नलमध्येही हाच दंडक आहे: कोड एका फाइलमधून दुसरीकडे हलवायचा तर त्याच पॅचमध्ये त्या कोडला हात लावायचा नाही. रिव्ह्यू करणाऱ्याने गिट डिफला डॅश डब्ल्यू लावून बघितलं की रिकाम्या जागांचे बदल गळून पडतात आणि खरोखर काही बदललं असेल तर ते उघडं पडतं. कमिट मेसेजमध्ये टूलचं नाव, व्हर्जन आणि चालवलेली कमांड लिही, म्हणजे कुणालाही तेच पुन्हा करून पडताळता येईल. दिवस असा निवड की सगळ्यांच्या ब्रँच मर्ज झालेल्या असतील. सबमिशनची आदली रात्र तर नकोच नको.

आणि ब्लेमचा इलाज. गिटच्या २.२३ व्हर्जनपासून, म्हणजे २०१९ पासून, एका फाइलमध्ये अशा आवराआवरीच्या कमिटचे क्रमांक लिहून ठेवता येतात. फाइलचं नाव रूढीने डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्स. कॉन्फिगमध्ये ब्लेम-डॉट-इग्नोर-रेव्स-फाइल या सेटिंगला ते नाव दिलं की ब्लेम ती कमिट ओलांडून मागच्या खऱ्या लेखकापर्यंत जातं. गिटहबही ही फाइल ओळखतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ज्याने ओळ लिहिली त्याचं नाव ओळीवर राहतं.

ए, बी, सी वाल्या व्हेरिएबलचं काय? ते फॉरमॅटिंग नाही. नाव बदलायचं म्हणजे ते काय आहे हे समजलं पाहिजे, आणि ते समजलेलं एकट्या लिहिणाऱ्यालाच आहे. त्याच्या शेजारी बस, चहा घ्या, 'हे बी म्हणजे काय रे?' विचार आणि त्यालाच बदलू दे. अर्ध्या वेळा त्यालाही आठवत नसतं, मग दोघांनी मिळून शोधा.

आणि समजा तिघे नाहीच म्हणाले. तर एडिटरमध्ये टॅबची रुंदी तुझ्या सोयीने लाव, लांब ओळी गुंडाळून दाखव असं सेटिंग कर, हवं तर स्वतःची प्रत फॉरमॅट करून फक्त वाचायला शेजारी उघडी ठेव. नवीन लिहिशील ते नीट लिही, आणि ज्या फंक्शनला कामानिमित्त हात लागेल तेवढंच त्या फाइलच्या वळणाने सुधार.

त्या मास्तरांची जुनी फाइल आता वेगळ्या ब्रँचवर चढवलीय, फुल्यांच्या रांगांसकट. निकालपत्रकाची जी प्रत शाळांत वापरली जाते ती तिच्यावरून निघते. पुढच्या एपिसोडला मर्ज कॉन्फ्लिक्ट घेऊ, त्यावर सात-आठ प्रश्न आधीच आलेत. तुमचे असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, मालवणीत पाठवलेत तरी चालेल.